मुलांचा 'स्वतःशी चांगलं बोला' उन्हाळी वर्ग, नागपूर: आठ रविवार पाठवलं, आता चार महिन्यांनी लिहितेय

पाचपैकी साडेतीन स्टार. रिव्ह्यू लांबलाय म्हणून आकडा आधीच देऊन टाकते. तीन स्टार त्या वर्गातल्या एका ताईंचे, अर्धा स्टार त्यांनी माझी तक्रार ऐकून घेतली त्याचा, आणि दीड कापलाय तो कशासाठी ते खाली येईलच.

वर्गाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. जी तक्रार होती ती समोर बसून सांगून झाली, त्यांनी बदलही केला, आता नाव घेऊन कोणाचं नुकसान करायची माझी इच्छा नाही. तसंही उन्हाळा आला की धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर, सगळीकडं असे बोर्ड लागतात, कुठं आत्मविश्वास शिबिर, कुठं व्यक्तिमत्त्व विकास, कुठं पॉझिटिव्ह सेल्फ टॉक फॉर किड्स. तुम्ही यातल्या कुठल्याही वर्गात लेकराला टाकणार असाल तर पैसे भरायच्या आधी काय विचारावं हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी लिहितेय.

माझी मोठी लेक नऊ वर्षांची, इथं तिला मनू म्हणते. घरात बडबडी, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पूर्ण गल्ली फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करणारी पोट्टी. चौथीच्या दुसऱ्या सत्रात मोठे भागाकार आले आणि तिचं काहीतरी बिनसलं. गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं. वहीत उत्तर खोडून खोडून कागद फाटायचा. मार्चमध्ये परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि बाहेरून आवाज आला, "काऊन एवढं सोपं येत नाही तुला? लक्ष कुठं राहते तुझं?" मला वाटलं धाकट्याला रागावून राहिली आहे, म्हणून बाहेर येऊन पाहते तर धाकटा दिवाणावर झोपलेला. ती वहीकडं बघून स्वतःलाच बोलत होती, पेन्सिल कपाळावर आपटत. "मला" नाही, "तुला" म्हणत होती.

त्या दिवशी मी मनातल्या मनात शाळेवर चिडले. म्हणलं वर्गात कोणीतरी पोरीला असं बोललं असणार, त्याशिवाय एवढं नेमकं वाक्य तिच्या तोंडी येणार नाही.

मग एप्रिलमध्ये या वर्गाचं पत्रक मिळालं. आठ रविवार, सकाळी साडेसात ते साडेनऊ, फी ३,६०० रुपये आणि किटचे ६५० वेगळे. वय ८ ते १३. आम्ही मानेवाड्याला राहतो, वर्ग पश्चिम नागपुरात, म्हणजे रविवारी सकाळी सहाला उठून निघायचं, पण वेळ त्यांनी योग्य निवडली होती कारण मे महिन्यात दहा वाजता पोरं घेऊन बाहेर पडणं म्हणजे लेकरांचे हाल. हॉल दुसऱ्या मजल्यावर, दोन मोठे कूलर, प्यायचं पाणी गार, संडास स्वच्छ (हे मी पहिल्याच दिवशी बघते कुठंही). २८ मुलं आणि शिकवायला दोघं, एक सर आणि एक ताई. २८ जास्त आहेत. अशा विषयाला बारा-पंधराच्या वर मुलं घेऊच नयेत असं माझं आता पक्कं मत झालंय, कारण इथं लेकरू काय पुटपुटते ते ऐकायला कोणीतरी जवळ असावं लागतं.

किटबद्दल थोडक्यात. एक छोटा आरसा, चाळीस कार्डं, डायरी, आणि 'मी स्टार आहे' असा बिल्ला. कार्डांचा कागद जाड, तेलाचा हात लागला तरी पुसता येतो. आरशाची चौकट तिसऱ्या आठवड्यात निघाली. डायरी अजून वापरात आहे. बिल्ला मनूनं एकदाही लावला नाही.

पहिले तीन रविवार सरांचे होते. सर बोलायला फर्डे, मुलं हसतात, टाळ्या वाजवतात. आरसा धरायचा, डोळ्यात डोळे घालून कार्डावरचं वाक्य दहा वेळा म्हणायचं, रोज सकाळी आणि झोपताना. वाक्यं अशी: मी अद्वितीय आहे. माझी क्षमता अमर्याद आहे. माझ्यासाठी काहीच अशक्य नाही. मी निर्भय आहे. मनू पहिल्याच कार्डाला अडली, म्हणे आई, द्वितीय म्हणजे दुसरा नंबर न, मग हे चांगलं आहे की वाईट? समजावून सांगितलं. पण नऊ वर्षांच्या मुलाला जे वाक्य आधी समजावून सांगावं लागते ते त्याला रात्री एकट्यानं स्वतःशी म्हणता कसं येईल, हा प्रश्न तेव्हाच माझ्या डोक्यात आला होता.

दुसऱ्या रविवारच्या रात्री, गच्चीवर गादी टाकून झोपलो होतो, ती दहा वेळा म्हणून झाल्यावर हळूच म्हणाली, "आई, मी खोटं बोलून राहिली न? मला भागाकार येतच नाही, अन् मी म्हणून राहिली की काहीच अशक्य नाही. आरशातल्या मनूला तर माहीतच आहे न."

मला उत्तर देता आलं नाही. पाठीवर थोपटलं फक्त.

माझी नणंद अमरावतीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. ती म्हणाली, वहिनी, पोरगी बरोबर बोलून राहिली आहे, अन् यावर अभ्यासही झालेला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला, ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर आधीच कमी होता अशा लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं परत परत म्हणायला लावलं तर त्यांना बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. ज्यांचा आत्मविश्वास आधीच चांगला होता त्यांना थोडंसं बरं वाटलं. म्हणजे ज्याला औषध हवं होतं त्यालाच ते बाधलं. कारण मोठं वाक्य म्हटलं की मन लगेच उलटी साक्ष काढते, काल काय झालं, परवा काय झालं. नणंदेनं हेही सांगितलं की तो प्रयोग कॉलेजातल्या मुलामुलींवर होता, नऊ वर्षांच्या लेकरांवर नव्हता, म्हणून तो जसाच्या तसा मनूला लावू नकोस. पण गच्चीवर मनूनं जे सांगितलं ते हेच होतं, तिच्या भाषेत.

आता तो तिसरा रविवार, ज्याच्यासाठी स्टार कापलाय. सरांनी एकेका मुलाला पुढं बोलावलं, 'मी बेस्ट आहे' असं ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी 'ऐकू नाही आलं' म्हणायचं, जोवर आवाज हॉलभर घुमत नाही तोवर. काही मुलांना मजा आली असेल, मोठ्या आवाजाची पोरं असतात. मनूचा आवाज चार वेळा 'ऐकू नाही आलं' झाल्यावर फुटला आणि ती रडायला लागली. सर म्हणाले, बघा, भावना बाहेर पडून राहिल्या आहेत, टाळ्या. सत्तावीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं पालकांच्या खुर्चीत होते, उठून गेले आणि तिला घेऊन खाली आले. स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. शंकरनगर चौकात तर्री पोह्यांच्या गाडीजवळ थांबले, तिला आवडते म्हणून, तर तिथंही नको म्हणाली.

मंगळवारी जाऊन भेटले. भांडायला नाही गेले, पण स्पष्ट बोलले की लेकरू रडलं त्यावर टाळ्या नाही वाजवायच्या, आणि आत्मविश्वास आवाजाच्या मोठेपणावर मोजायचा असेल तर माझी लेक यात बसत नाही, तुमच्या वर्गात आणखीही चार-पाच बसत नसतील, ते फक्त रडले नाहीत. सर आधी म्हणाले की थोडं पुढं ढकलल्याशिवाय मुलं उघडत नाहीत. ताई शेजारी बसल्या होत्या, तोवर गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "सर, पुढचे रविवार मी घेऊन पाहू का?" आणि सरांनी हो म्हटलं. याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे, बहुतेक ठिकाणी असं कोणी ऐकत नाही. फी परत मिळत नाही असं पावतीवर छापलं होतं, तरी त्यांनी उरलेल्या रविवारांचे पैसे परत घ्या म्हणून विचारलं. मी म्हणलं, ताई घेणार असतील तर एक रविवार अजून पाहते.

ताई साठीच्या, आयुष्यभर गावातल्या शाळेत शिकवलेलं, बोलणं एकदम घरचं. चौथ्या रविवारी त्यांनी खुर्च्या काढून सतरंजी टाकली आणि मुलांचे गोल केले, आणि चाळीसच्या चाळीस कार्डं उलटी ठेवायला सांगितली. म्हणाल्या, यातलं जे खरं वाटते ते ठेवा, बाकीचं राहू द्या, आपण आपलं लिहू. मग प्रत्येक मुलाशी बसून वाक्य बनवलं. बनवताना त्या तीन गोष्टी विचारत, हे खरं आहे का, तू असंच बोलतो का, अन् हे म्हटल्यावर लगेच काय करशील. एका मुलानं लिहिलं, मी कधीच घाबरत नाही. ताई म्हणाल्या, कधीच? कुत्र्यालाही? तो हसला आणि खोडलं.

मनूचं वाक्य बनायला वीस मिनिटं लागली. "भेव लागून राहिलं, तरी पहिली पायरी मांडून पाहते."

मी ते वाचलं आणि मला 'मी निर्भय आहे' हे कार्ड आठवलं. निर्भय व्हायला लागतच नाही, भेव असू द्या, हात चालला पाहिजे. आणि आपली जी बोलायची पद्धत आहे न, करून राहिली, लागून राहिलं, जिच्यासाठी पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक मुलांना हसतात, तिच्यात काम चालू असल्याचा अर्थ आहे. होऊन राहिलं म्हणजे अजून संपलं नाही. मनूनं ते वाक्य पाठ नाही केलं, पाठ करायची गरजच पडली नाही, ते तिचंच होतं.

नणंदेला ते वाक्य पाठवलं तर तिनं लगेच दुसरा अभ्यास सांगितला, आणि हा मुलांवरचाच आहे. नेदरलँड्समधल्या सँडर थोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०२० मध्ये छापलेला, चौथी ते सहावीची २१२ मुलं. गणिताच्या चाचणीचा अर्धा भाग सोडवून घेतला, मग काही मुलांना स्वतःशी 'मी यात खूप चांगला आहे' असं म्हणायला सांगितलं, काहींना 'मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन' असं, काहींना काहीच नाही, आणि मग उरलेला अर्धा भाग. ज्या मुलांना स्वतःवर भरवसा नव्हता त्यांच्यात प्रयत्नाचं वाक्य म्हणणाऱ्यांचं गणित सुधारलं, 'मी चांगला आहे' म्हणणाऱ्यांना त्याचा फायदा झाला नाही. ताईंनी हा अभ्यास वाचला नव्हता, मी विचारलं त्यांना. त्या म्हणाल्या, बाई, फळ्यापुढं लेकरू उभं राहते तेव्हा दिसते न काय बोललं की त्याचा हात चालते.

अशा वर्गात पैसे भरायच्या आधी म्हणूनच हे विचारा की मुलांना कोणती वाक्यं देता, ती छापलेली असतात की मुलं बनवतात. उत्तरात सगळं 'बेस्ट', 'चॅम्पियन', 'जीनियस' असेल तर मी पाठवणार नाही. सर पहिल्या दोन रविवारी 'व्हेरी इंटेलिजंट' असे स्टिकर वाटत होते, तेही ताईंनी बंद केले. त्यावर तर जुना आणि गाजलेला प्रयोग आहे, १९९८ चा, क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचा, पाचवीतल्या मुलांवर. सोपे प्रश्न सुटल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस, आणि नंतर मुद्दाम अवघड प्रश्न देऊन हरवलं. हुशार म्हटलेली मुलं हरल्यावर लवकर कंटाळली आणि त्यानंतरच्या सोप्या प्रश्नांतही मागं पडली. एका वाक्याची कौतुकाची बात, पण लेकरू ते धरून बसते.

पाचव्या रविवारबद्दल लिहायला मला जड जाते, पण तो सोडला तर रिव्ह्यूला अर्थ नाही. ताईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. चूक झाली की डोक्यातला आवाज काय बोलते ते लिहायचं, नाव नाही टाकायचं, आणि मागं लिहायचं की तो आवाज कोणासारखा वाटते. कोणाची चिठ्ठी मोठ्यानं वाचली नाही. ताई प्रत्येकाशी वेगळं बोलल्या, आणि घरी दाखवू का म्हणून आधी मुलाला विचारलं. मनू हो म्हणाली. वर्ग सुटल्यावर ताईंनी मला थांबवून चिठ्ठी दिली. पुढं होतं, काऊन एवढं सोपं येत नाही तुला, लक्ष कुठं राहते तुझं. मागं एकच शब्द होता, आई.

मी जिन्यात बसले. वरून मुलं उतरत होती, मला बाजूला सरकायलाही सुचलं नाही. मार्चपासून मी जे वाक्य शाळेत शोधत होते ते माझं होतं. ऑफिसातून सात वाजता येऊन, कुकर लावून, एका डोळ्यानं तिची वही बघत मी ते बोलत आले होते, किती वर्षं कोण जाणे, आणि कधी मारलं नाही, कधी शिवी दिली नाही म्हणून मला वाटायचं मी पोरीला बोलतच नाही.

ताई शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लेकरू आवाज घरूनच घेते न बाई. तुमचा घेतला म्हणजे तुमच्यावर जीव आहे तिचा. आता तिला दुसरा आणून द्या."

नंतर नणंदेशी बोलताना तिनं वायगॉट्स्कीचं सांगितलं, रशियन मानसशास्त्रज्ञ, १९३४ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी गेले. त्यांचं म्हणणं असं की मुलाचं बोलणं आधी माणसामाणसांत असते, मग लेकरू खेळताना तेच मोठ्यानं स्वतःशी बोलते, मग पुटपुटते, आणि शाळेच्या वयात ते हळूहळू आत जाते, त्यालाच आपण विचार म्हणतो. धाकटा पाच वर्षांचा आहे, ठोकळे रचताना 'हा इकडं ठेव, नाही पडत, हळू' असं सारखं बोलतो, मी त्याला गप बस म्हणायचे. आता नाही म्हणत. तो आत्ता जे मोठ्यानं बोलून राहिला आहे तेच दोन-तीन वर्षांनी त्याच्या आत जाणार आहे, तर मला ऐकू येतेय तोवर ऐकून घ्यावं.

घरात काय बदललं ते लिहिते, कारण वर्ग आठ रविवारांचा आणि घर रोजचं. माझं वाक्य आता आहे, "कुठवर आलं? तिथून दाखव." सुरुवातीला तोंडात जुनंच यायचं, अर्धं बोलून थांबायचे आणि मनूला सांगायचे की हे राहू दे, परत बोलते. दुसरं म्हणजे मी स्वतःबद्दल मोठ्यानं काय बोलते ते ऐकायला लागले. दूध उतू गेलं की 'माझं डोकंच ठिकाणावर नसते' हे मी रोज म्हणत होते, पोरांच्या समोर. आता 'दूध गेलं, पुसून घेते' एवढंच. मनूचे बाबा गाडीची किक बसली नाही की 'आपल्याच नशिबी' म्हणतात, त्यांनाही सांगितलं. आणि सासूबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, आपल्या घराण्यात गणित कोणालाच येत नाही, प्रेमानंच म्हणायच्या, नातीचं दडपण जावं म्हणून. त्यांना समजावायला मला वेळ लागला, पण एकदा समजलं तर त्यांनी ते असं सोडलं की आता दुसरं कोणी म्हणालं तर त्याच थांबवतात.

पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं, 'फक्त २१ दिवसांत नवा आत्मविश्वास'. हे काढून टाका असं मी त्यांना लेखी दिलंय. हा २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आलाय, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, पुढं लोकांनी 'कमीत कमी' गाळलं आणि प्रत्येक गोष्टीला तो आकडा चिकटवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात मोठ्या माणसांना रोज पाणी पिणं, चालणं अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. मग वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज तीन आठवड्यांत कसा बदलेल? बावीसाव्या दिवशी लेकरू परत रडलं तर त्याला वाटेल आपल्यालाच जमलं नाही, आणि आईबापाला वाटेल पैसे पाण्यात गेले. दोन्ही खोटं.

आता फरक पडला का, तर सांगते. विदर्भात शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात. ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी झाली, गणितात २० पैकी ११. चौथीत शेवटी ९ होते. दोन मार्कांसाठी एवढं मोठं लिहून राहिली का, असं वाटेल कोणाला. पण चौथीच्या पेपरात भागाकाराची तिन्ही गणितं कोरी होती, आणि यावेळी एकही कोरं नव्हतं. एक पूर्ण बरोबर, एक शेवटच्या पायरीला चुकलं, एक पहिल्याच पायरीला चुकलं पण मांडलेलं होतं. पेपर घरी आणला तो दप्तराच्या तळाशी लपवलेला नव्हता, वर होता. पोट दुखणं आहे अजून, आठवड्यातून एखाद्या वेळी, पूर्वी तीनदा असायचं. डायरीत रोज एक ओळ लिहिते, आज जमलेलं, आणि ताईंचा नियम आहे की ते खरं पाहिजे आणि लहान पाहिजे. 'तेराचा पाढा सातपर्यंत न अडता.' 'वर्गात हात वर केला, उत्तर चुकलं.' हे दुसरं तिनं जमलेल्यात लिहिलंय, मी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट वर्गाची नाही पण सांगावीशी वाटते. सासूबाईंचं माहेर इतवारीतलं, लहानपणापासून मारबत, म्हणजे वाईट ते सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहत आल्या. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मनूला घेऊन गेल्या. काळी आणि पिवळी मारबत निघते, सव्वाशे वर्षांहून जुनी रीत, पूर्ण महाल-इतवारी रस्त्यावर असते, आणि लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. घरी आल्यावर सासूबाई सांगत होत्या की पोट्टीनं काय केलं माहीत आहे का. गर्दीत त्यांच्या खांद्याला धरून, टाचा उंच करून, सगळ्यांसोबत ओरडली, "भागाकाराचं भेव घेऊन जा गे मारबत!" शेजारचे दोन-चार लोकही तिच्यासोबत ओरडले म्हणे. हॉलमध्ये 'मी बेस्ट आहे' म्हणताना जो आवाज फुटला होता तोच हा आवाज. मला त्यात फार मोठा फरक दिसतो. तिथं तिला जे नाही ते आहे म्हणायला लावलं होतं, इथं जे आहे तेच ओरडायला मिळालं, आणि आजूबाजूला परीक्षा घेणारं कोणी नव्हतं.

हा वर्ग कशासाठी नाही तेही लिहिते. लेकराला अक्षरं उलटी दिसतात, आकडे सतत जागा बदलतात, वयाच्या मानानं वाचन खूप मागं आहे, असं असेल तर आधी तपासणी करून घ्या, तो अध्ययन अक्षमतेचा भाग असू शकते आणि त्याला वाक्यं पुरत नाहीत, त्याला वेगळी शिकवण्याची पद्धत लागते, परीक्षेत सवलतीही मिळतात. वर्गात कोणी त्रास देत असेल तर आधी तो त्रास थांबवा, त्रास चालू ठेवून लेकराला 'मी खंबीर आहे' म्हणायला लावणं अन्याय आहे. आणि जेवण, झोप, खेळणं सुटलं असेल, मरण्याबद्दल बोलत असेल, तर शिबिरात पैसे नका भरू, सरळ डॉक्टरकडं जा, आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, आणि टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. वर्गाच्या पहिल्या दिवशी पालकांना हे कोणी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. अर्धा स्टार त्याचाही कापलाय.

पैशाचं म्हणाल तर ४,२५० रुपयांत आरसा-कार्डं-बिल्ला हे सगळं मला फुकट गेल्यासारखं वाटते, ताईंचे पाच रविवार मात्र दुप्पट पैसे देऊनही घेतले असते. जाणार असाल तर आधी फोन करून विचारा की ताई घेणार आहेत का, किती मुलं आहेत, आणि पालकांना मागं बसू देतात का. बसू देत नसतील तर नका पाठवू. गाडी लावायला खाली जागा नाही, समोरच्या गल्लीत लावावी लागते. मेट्रोनं येणाऱ्यांना शंकरनगर स्टेशनवरून चालत येता येते. किट घ्यायची सक्ती नाही, हे त्यांनी आता सांगायला सुरुवात केलीये, साधी शंभर पानी वही पुरते.

धाकट्याला पाठवणार का असं मला दोघीतिघींनी विचारलं. आत्ता नाही. तो अजून मोठ्यानं बोलून राहिला आहे. काल ठोकळ्यांचा मनोरा पडला तेव्हा मी स्वयंपाकघरातून कान देऊन उभी होते, आतून आवाज आला, "पडला. कुठवर आलं होतं? तिथून दाखव."